वाचनकाकींनी गाळलेली पानं

माझ्या घडण्यात सगळ्यात मोठा वाटा कोणाचा असं कोणी विचारलं, तर मी मुलुंडच्या वाचनकाकींचं नाव घेतो. माझ्या वडिलांना याचं कधी वाईट वाटलं नाही. खेडच्या टपालाच्या थैल्या पाठीवर टाकून वाडीवाडीला पोचवण्यात त्यांचं आयुष्य गेलं, आणि त्या थैल्यांतलं एकही पत्र त्यांना वाचता येत नव्हतं. "मी तुला मुंबईला पाठवला, पुढचं त्या बाईनं केलं," असं ते स्वतःच म्हणायचे.

काकींचं खरं नाव द्वारकाबाई. ते रेशनकार्डावर होतं, बाकी कुठे नव्हतं. चातुर्मासात चाळीच्या देवळात त्या युद्धाची पोथी वाचायच्या, म्हणून लहानथोर सगळ्यांच्या त्या वाचनकाकी. त्यांची एक गोष्ट नव्या माणसाला पहिल्याच दिवशी खटकायची. ओव्या वाचताना पोथीतली नावं यायची तेवढीच. अर्थ सांगायला लागल्या की काकी एकाही माणसाचं नाव घेत नसत. राजा नाही, राणी नाही, महारथी नाही. "थोरला", "मधला", "त्यांची आई", "त्या घरची सून", "धाकटी जाऊ". बस.

मी एकदा विचारलं, "काकी, नावं का नाही घेत?"

"नाव घेतलं की हात जोडावेसे वाटतात," त्या म्हणाल्या. "आणि हात जोडले की माणूस विचार करायचा थांबतो. मला तुम्हाला विचार करायला लावायचाय, पुण्य नंतर मिळवा."

यातून गमती व्हायच्या. एका वर्षी मालवणकडची एक बाई नवऱ्याबरोबर चाळीत नवी राहायला आली. ती पहिल्यांदा वाचनाला बसली त्या दिवशी नेमका जुगाराचा भाग होता. थोरल्याने घर, जमीन, भाऊ सगळं लावलं, हरला, शेवटी बायको लावली आणि तिला भर बैठकीत ओढून आणली, असं काकी अगदी शेजारच्या बिऱ्हाडातलं सांगावं तसं सांगत होत्या. ती नवी बाई पदराने डोळे पुसत माझ्या मामीच्या कानाशी लागली, "खंयच्या चाळीतली गो ही? पोलिसांक कोणी सांगूक नाय?"

ते काकींनी ऐकलं. हसल्या नाहीत. म्हणाल्या, "पोलीसही तिथेच बसले होते, वहिनी. सगळे मोठे लोक होते. माना खाली घालून."

मी तेव्हा एकोणीस वर्षांचा होतो. खेडच्या शाळेतून मॅट्रिक होऊन मामाकडे राहायला आलो होतो आणि कॉलेजात जात होतो. आमच्या घरात कॉलेज म्हणजे काय हे माहीत असलेला कोणी नव्हता. मामा कारखान्यात फिटर. त्याची एकच खोली. त्यात पाच माणसं आणि एक मी. अभ्यासाला जागा नव्हती. काकी एकट्या राहत आणि शिवणकाम करत. पहिल्याच महिन्यात त्यांनी मामीला सांगितलं, "पोराला दुपारी माझ्याकडे पाठव. मशीनचा आवाज चालत असेल तर बसू दे खिडकीत." त्या खिडकीतून पूर्वेकडची मिठागरं दिसायची. ऊन चढलं की त्यांच्याकडे बघवायचं नाही, आणि त्यामुळेच माझं लक्ष वहीत राहायचं. बी.ए.चा निम्मा अभ्यास मी त्या खिडकीत केला.

मशीन चालवता चालवता काकी प्रश्न विचारायच्या. त्यांचं शिक्षण चौथीपर्यंतचं. पण त्या विचारायच्या ते माझ्या पुस्तकांत नसायचं.

"धर्मयुद्ध म्हणजे काय रे, अनंता?"

"नियमाने केलेलं युद्ध."

"म्हणजे कसं?"

"म्हणजे पाठीत वार करायचा नाही, शस्त्र टाकलेल्याला मारायचं नाही, सूर्य मावळला की थांबायचं."

"बरं. आणि ते नियम कोणी मोडले?"

"दोन्ही बाजूंनी मोडले."

त्यांनी मशीन थांबवून दोरा दाताने तोडला. "मग त्यातला धर्म गेला. उरलं काय?"

मी वहीचं पान उलटलं.

वाचनाच्या शेवटी त्यांचा एक ठरलेला प्रश्न असे. त्या दिवशी पोथीत कितीही बाण सुटलेले असोत, पोथी मिटल्यावर त्या बायकांकडे बघून विचारत, "आणि घरात काय चाललं असेल?" मग बायका बोलू लागत. एकदा अशीच अकराव्या दिवसाची लढाई झाली होती. काकी म्हणाल्या, "सकाळी गेलेले संध्याकाळी किती परत येणार, हे कोणालाच माहीत नाही. मग ताटं किती वाढायची? हे त्या घरच्या सुनेने कोणाला विचारलं असेल? सासूला विचारायची सोय नाही, सासू मुलं मोजत बसलेली." त्या दिवशी बायका लवकर उठल्या नाहीत. कोणाचा मुलगा गोदीवर होता, कोणाचा नवरा आगगाडीच्या इंजिनावर. ताटांचं गणित त्यांना रोजचं होतं.

"बाईवरून युद्ध झालं असं म्हणतात," हेही त्यांचंच. "झालं असेल. पण बाईला विचारून नाही झालं."

हे सगळं त्या कुठून बोलत होत्या, ते आता सांगतो. त्यांचे यजमान दुसऱ्या महायुद्धात लष्कराच्या मोटारी दुरुस्त करायला ब्रह्मदेशाच्या आघाडीवर गेले होते. लढाई संपायच्या आधी एक कागद आला. त्यावर 'बेपत्ता' असं होतं. त्यानंतर काही आलं नाही. मी मुलुंडला आलो तेव्हा त्या कागदाला दहा वर्षं होत आली होती. काकी कुंकू लावत, मंगळसूत्र घालत. चाळ काही म्हणत नसे, पण चाळीला ते कुठे ठेवावं हे कळतही नसे. चैत्राच्या हळदीकुंकवाला त्यांना बोलावणं असायचं; ओटी भरायची वेळ आली की भरणाऱ्या बाईचा हात क्षणभर थांबायचा. काकींना तो थांबलेला हात दिसायचा. त्या पदर पुढे धरून तशाच उभ्या राहायच्या, हात पुढे येईपर्यंत.

पोथीत युद्ध संपल्यावर एक भाग येतो. लढाईत मेलेल्यांच्या बायका रणांगणावर जातात आणि आपापलं माणूस शोधतात. आमच्याकडची रीत अशी की हा विलाप सवाष्णींनी ऐकू नये. त्यामुळे दरवर्षी काकी तिथे आल्या की ती सुटी पानं एकत्र उचलत, कपाळाला लावत, उलटी करून बाजूला ठेवत आणि पुढच्या राज्याभिषेकापासून वाचू लागत. कोणी काही बोलत नसे. मग गूळखोबरं वाटलं जाई. युद्ध संपलेलं असे आणि कोणी रडलेलं नसे.

माझ्या कॉलेजच्या तिसऱ्या वर्षी तो दिवस रविवारी आला. मी देवळाच्या खांबाशी बसलो होतो. ओटीवर वीस-बावीस बायका, दाराशी चारदोन म्हातारे, आणि देवळाची किल्ली ज्यांच्याकडे असायची ते तात्या. काकींनी नेहमीप्रमाणे पानं उचलली आणि बाजूला ठेवली.

मी म्हणालो, "काकी, मधली पानं राहिली."

मामीने मान वळवून माझ्याकडे पाहिलं. "अनंता, गप बस."

"अगं पण राहिलीच ना. पानाचा आकडा बघ. एकशे सत्तरनंतर एकदम एकशे ब्याऐंशी. सगळ्या पोथीत तोच तर भाग महत्त्वाचा आहे."

तात्या खाकरले. "काकी, तुम्ही पुढचं घ्या. मुलांचं काय ऐकायचं."

काकींनी त्या उलट्या पानांवर हात ठेवला. मग म्हणाल्या, "शिकणारा मुलगा आहे, तात्या. पानं राहिली म्हणतो. राहिली आहेत. त्याला खोटं कसं ठरवू?" आणि त्यांनी पानं सुलटी करून वाचायला सुरुवात केली.

आधी एक सासू आपल्या नव्या सुनेला हाताला धरून उठली. मग तिच्या मागची. मग दहाबाराजणी एकदम. चपला शोधण्याचा आवाज बराच वेळ चालला. उरलेल्या सातआठ जणी जवळ सरकून बसल्या. मामी उठली नाही. काकींचा आवाज नेहमीचाच होता. पोथीतल्या बायका मैदानात आल्या, कोणी हातावरून ओळखलं, कोणी दागिन्यावरून, कोणी नुसत्या अंगकाठीवरून. सगळं वाचून झाल्यावर त्यांनी पानं जुळवली. ठरलेला प्रश्न त्या दिवशी त्यांनी विचारला नाही.

"ज्यांना आपलं माणूस सापडलं, त्यांचं लिहिलंय," त्या म्हणाल्या. "सगळ्यांना थोडंच सापडलं असेल. ज्या नुसत्याच हिंडून परत आल्या, त्यांना कोणी काही विचारलं नाही. त्या घरी गेल्या असतील आणि चूल पेटवली असेल."

त्या दिवशी गूळखोबरं वाटायचं राहून गेलं.

आठवडाभर नळावर दुसरा विषय नव्हता. तो विलाप स्वतःच्या तोंडाने वाचला, मग आता कुंकू कशासाठी, असा एक पक्ष. तिचं मन तिला ठाऊक, असा दुसरा, पण तो हळू आवाजात. नंतर तात्या काकींच्या दारात आले. मी खिडकीत होतो. तात्या माणूस वाईट नव्हते. काकींना खोली मिळवून दिली होती त्यांनीच.

"द्वारकाबाई, पुढच्या वर्षीचं वाचन तुम्हीच करायचं, यात माझं दुमत नाही. पण लोक बोलतात. एक काय ते ठरवायला हवं. सवाष्ण म्हणून बसायचं तर ती पानं वाचता येणार नाहीत. आणि वाचायची तर..."

"तर कपाळ पुसून बसू?"

"मी तसं कुठे म्हटलं?"

"नाही म्हटलंत. पण थांबलात तिथेच."

तात्यांनी टोपी सारखी केली. काकी म्हणाल्या, "सरकारने 'बेपत्ता' लिहिलंय. त्यांच्याकडे एवढी माणसं, एवढ्या गाड्या. त्यांना जे कळलं नाही ते मी घरात बसून कपाळावर कसं लिहू? मला कळलं की मी लिहीन. तोवर हे राहील." मग त्या उठल्या, फडक्यात बांधलेली पोथी फळीवरून काढली आणि तात्यांच्या हातात दिली. "पोथी देवळाची आहे."

तात्या गेल्यावर मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं. "माझ्यामुळे..." एवढंच झालं.

"तू पान दाखवलंस," काकी म्हणाल्या. "उलटत मी होते. अभ्यास कर."

त्याच महिन्यात आमच्या सरांनी वर्गाला निबंध दिला होता. प्राचीन काव्यांत युद्ध, नीती आणि स्त्री यांचं नातं काय, असा विषय. मी त्या खिडकीत बसून तो लिहिला. सरांनी तो वर्गात वाचून दाखवला आणि मला थांबवून घेतलं. वार्षिक परीक्षेत मला चांगले गुण मिळाले आणि पुढे नोकरीसाठी सरांनी जी शिफारस केली, ती त्या निबंधामुळे.

काकींचं शिवणकाम मात्र कमी होत गेलं. कोणी उघड नाही म्हणालं नाही. फक्त लग्नाचे, डोहाळजेवणाचे ब्लाउज दुसरीकडे जाऊ लागले. शुभकार्याचं कापड त्यांच्याकडे द्यायला बायकांना धीर होईना. उरलं ते उशांचे अभ्रे आणि मुलांच्या चड्ड्या. दिवाळीनंतर त्यांचा भाऊ बोरीवलीहून ट्रक घेऊन आला. सामान फार नव्हतं. मशीन मी आणि मामाने उचलून चढवलं. चाळीतल्या बायका गॅलरीत उभ्या होत्या. खाली माझी मामी आणि ती मालवणकडची बाई एवढ्याच आल्या. त्या मालवणी बाईने काकींची ओटी भरली. तिचा हात थांबला नाही.

काकी ट्रकमध्ये पुढे बसल्या. मला वाटलं आता काहीतरी सांगतील. त्यांनी विचारलं, "परीक्षेचा फॉर्म भरलास ना?"

"भरला."

"फोटो लावलास का? नाहीतर परत येतो तो."

आणि ट्रक निघाला.

मी बी.ए. झालो आणि गोरेगावच्या एका शाळेत लागलो. वर्गात युद्धाचे धडे आले की मुलं फार रंगून जात. फळ्यावर सैन्याची रचना काढत, कोण कोणावर धावून गेला याच्या पैजा लावत. एके दिवशी मला काय वाटलं कोण जाणे, मी विचारलं, "संध्याकाळी घरी ताटं किती वाढली असतील?" मुलं हसली. मुलींच्या बाजूने एक हात वर आला. पोरगी वर्गात कधी बोलायची नाही. म्हणाली, "नेहमीइतकीच, सर. एक ताट कमी मांड, असं कोण सांगणार?"

मी तो तास कसाबसा पुरा केला आणि घरी जाऊन पत्र लिहायला बसलो. तिथे मायन्यालाच अडलो. त्या काळी सवाष्णीला 'सौ.' लिहीत आणि विधवेला 'गं. भा.' 'श्रीमती' लिहून सुटता आलं असतं. शहाणे लोक तेच करत. मी तीन कागद फाडले. चौथ्यावर लिहिलं ते पाठवलं.

त्यानंतर काकी दोन वर्षं दर शनिवारी आमच्या शाळेत आल्या. मग भावाची बदली झाली आणि त्या सगळ्यांबरोबर नाशिकला गेल्या. त्या वारल्या तिथेच. कपाळावर कुंकू होतं, असं त्यांच्या भाच्याने कळवलं. पत्राचा मसुदा माझ्या जुन्या वहीत आहे, तो जसाच्या तसा देतो.

॥ श्री ॥

गोरेगाव

तीर्थस्वरूप सौ. काकी यांसी,

बालके अनंताचे कृतानेक शिरसाष्टांग नमस्कार. विनंती विशेष.

मी पास झालो आणि इथे शाळेत लागलो, हे मामीकडून तुम्हाला कळलं असेल. ते सांगायला मी स्वतः यायला हवं होतं. बोरीवली इथून तीन स्टेशनांवर आहे. आलो नाही, कारण तोंड दाखवायची लाज वाटत होती. दोन गोष्टी सांगायच्या राहिल्या आहेत.

देवळात मी पानं राहिली असं म्हणालो, ते पोथीच्या प्रेमाने नाही. आदल्याच दिवशी आमच्या सरांनी तो भाग वर्गात समजावला होता, आणि मला तो माहीत आहे हे सगळ्यांना दिसावं असं मला वाटलं. तुम्ही ती पानं का उलटता, हे मामीने मला आधीच सांगितलं होतं. तरी मी बोललो.

दुसरी गोष्ट निबंधाची. त्यातली चांगली वाक्यं तुमची होती. सरांनी मला थांबवून विचारलं, ही दृष्टी तुला कोणाकडून मिळाली. मी म्हणालो, माझं मीच विचार करून लिहिलं. गेल्या रविवारी सरांच्या घरी जाऊन मी खरं काय ते सांगितलं. ते रागावले नाहीत. म्हणाले, मग त्या बाईंनाच वर्गात बोलवायला हवं होतं. ते मला पटलं आहे.

आमच्या शाळेत शनिवारी सकाळी शेवटचे दोन तास वाचनाचे असतात. नववीचा वर्ग आहे, त्यात एकोणीस मुली. तुम्ही वाचायला याल का? मुख्याध्यापकांशी मी बोललो आहे. शाळेकडे पोथी आहे आणि तिच्यात सगळी पानं आहेत. त्यांतली कुठली वाचायची, कुठे थांबायचं आणि अर्थ काय सांगायचा, हे सर्व तुमच्याकडे. मी मागच्या बाकावर बसेन आणि मध्ये बोलणार नाही.

फळ्यावर तुमचं नाव लिहावं लागेल. मुख्याध्यापकांनी विचारलं, नावाआधी काय लिहायचं. मी म्हटलं, बाईंना विचारून सांगतो. या पत्रात मी सौ. लिहिलं आहे, कारण मी तुम्हाला तसंच पाहिलं आहे. तुम्हाला ते नको असेल तर तुम्ही सांगा, मी पुसेन. दुसऱ्या कोणी सांगितलं तर पुसणार नाही.

उत्तर आलं नाही तरी शनिवारी सव्वाआठला मी तुमच्या दारात येईन. शिवण हातात असेल तर ती होईपर्यंत थांबेन.

आपला आज्ञाधारक,
अनंता